कौतिकाबाईचा वाटा

आमच्या तळ्याच्या पाळीवर आजचा वड अजून उगवायचा होता, तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा थंडी पडली की उत्तरेकडून बदकं यायची, एवढी की आभाळ दिसायचं नाही. खोटं वाटतं? वाटू दे. म्हातारेकोतारे असंच सांगत आले.

मग मालगुजाराला हाव सुटली. गावाचा मालकच तो, त्याला कोण अडवणार! त्यानं तळ्याचा उथळ काठ नांगरून धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं, पाडल्या आणि घराघराला एकेक वाटून दिली. गाव खूश. मधलं खोल पाणी तसंच होतं ना, मग पाखरांचं काय बिघडलं?

बिघडलं ते कौतिका ढिवरणीला दिसलं. तळ्यात जाळं टाकण्यात तिचा जन्म गेलेला. त्या थंडीत बदकं उतरली, खोल पाण्यावर नुसतीच तरंगली आणि उपाशीच उडाली. वाटेत कितीतरी गळून पडली. पुढच्या थंडीत आभाळ रिकामं. कौतिकाला रडू आवरेना. ती थेट मालगुजाराकडे गेली.

तो म्हणाला, "कौतिके, पाणी तं ठेवलं ना म्या!"

"मालक, पाव्हण्याले घरात घेतलं, पण जेवाले जागाच नाही ठेवली. ते काठच्या चिखलातलं देवधान खातेत, कंद खातेत. खोल पाण्यात काय खातीन?"

मालगुजार हसला. मग या बाईनं काय करावं? वाट्याला आलेली बांधी, जन्मात मिळालेली एकुलती एक जमीन, तिनं फोडून टाकली! तळ्याचं पाणी आत घेतलं आणि धानाऐवजी देवधान पेरलं, तो आपोआप उगवणारा रानभात. लोक म्हणाले, बाई कामातून गेली. ती मात्र मासळीवर पोट भरायची आणि थंडीभर पाळीवर बसून वाट बघायची.

असं म्हणतात, एका सकाळी एकच जोडी आली, बांधीत उतरली आणि पोटभर जेवली. पुढच्या थंडीत तीच जोडी आभाळभर सोयरे घेऊन आली! त्यांच्या पायांच्या चिखलातून देवधानाचं बी बांधीबांधीत पडलं आणि धानात माजलं, ते काही नांगराला निपटेना. शेवटी मालगुजारानं हात टेकले आणि काठ सोडला.

कौतिका गेली ती भर उन्हाळ्यात. बदकांचा मोसम नव्हता. तरी तिच्या तिरडीवर घाटापर्यंत पंखांची सावली होती, असं म्हणतात.

आजही आमच्याकडे पाण्याला लागून कोणी नांगर घालत नाही. त्या पट्टीला कौतिकाबाईचा वाटा म्हणतात. थंडीतला पहिला थवा उतरला की सारं गाव पाळीवर जमतं. पाखरं चिखलात चोच घालेपर्यंत कोणी घास घेत नाही. मग गावातली सगळ्यात म्हातारी बाई मोठ्यानं हाक देते, "कौतिकाबाई, पाव्हणे जेवाले बसले वो!"

त्यानंतरच आम्ही घरी जाऊन जेवतो.