तीन सूर आणि एक बीळ

डोंगरउतारावरच्या एका दाट जंगलात एक खवले मांजरी आपल्या एकुलत्या एका पिलाला घेऊन राहत असे. मुलांनो, नावावर जाऊ नका. तिचा मांजराशी काडीचाही संबंध नव्हता. अंगभर कौलांसारखे खवले, हातभर जीभ, मुंग्यांवर भारी जीव आणि नजर मात्र अगदी अधू. चरायला बाहेर पडताना ती पिलाला आत निजवून बिळाचे तोंड मातीने लिंपून टाकी.

त्या जंगलात धुके फार. त्यामुळे जमिनीवरच्या प्राण्यांना घरची वाट पक्षी दाखवत. आपल्या झाडावरून सूर लावत निघायचे आणि सूर संपेल तिथे थांबायचे, ही त्यांची पद्धत. कुणाच्या घरासाठी सूर किती लांबवायचा, हे प्रत्येक पक्ष्याला तोंडपाठ होते आणि कुठल्या अंगाला वळायचे ते खडक-झाडांवरून कळे. पण एक रीत मोठी कडक होती. एका पक्ष्याच्या सुराने चालणाऱ्याने दुसऱ्याच्या सुराला कान द्यायचा नाही. खवले मांजरीच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या घारीचा सूर चालत आला होता.

एके सकाळी ती पोट भरून परतली आणि जागच्या जागी थिजली. दरड कोसळली होती. बिळाजवळचा खडक, करवंदीची जाळी, सारे चिखलाखाली गडप झाले होते. त्याच चिखलाखाली कुठेतरी तिचे बीळ होते आणि बिळात पिलू. कोंडलेली हवा ती किती पुरणार?

"घारमावशी, धाव गं! माझं पिलू!"

"घाबरू नकोस. माझा सूर कधी चुकलाय का?" असे म्हणत घार निघाली. सूर संपला तिथे थांबली. आईने तिथे जीव खाऊन उकरले. नुसता चिखल! घार पुन्हा झाडावर गेली, थोडी वळून आली, आईने पुन्हा उकरले. पुन्हा चिखलच.

घार ओशाळली. "अगं, सूर तेवढाच आहे. पण खडकच राहिला नाही, तर वळू कुठे? बीळ माझ्या झाडापासून किती लांब ते पक्कं सांगते. कोणत्या अंगाला, ते कसं सांगू?"

तेवढ्यात पलीकडच्या झाडावरून धनेश म्हणाला, "मी सांगू का? तुझ्या दारातले किडे टिपायला मी रोज येतो. माझाही सूर ठरलेला आहे."

"तू मध्ये पडू नकोस," घार फणकारली. "ती आमच्या घरची आहे."

"मग काढ तूच शोधून!" धनेशानेही मान फिरवली.

"मलाही ठाऊक आहे बीळ," तिसऱ्याच एका झाडावरून कोतवाल पक्षी हळूच म्हणाला.

"नकल्या, तू तर बोलूच नकोस!" या वेळी मात्र घार आणि धनेश एका आवाजात ओरडले. कोतवाल साऱ्या जंगलाच्या हुबेहूब नकला करी, त्यामुळे त्याच्यावर कुणाचाच भरवसा नव्हता.

आता आईचा तोल सुटला. "माझं लेकरू खाली गुदमरतंय आणि तुम्ही मी कुणाच्या घरची ते ठरवताय? मोडली मी तुमची रीत! लावा सूर, तिघंही लावा. मी सगळ्यांचं ऐकणार आहे."

तिघेही वरमले. घार झाडावरून पुन्हा पुन्हा सूर लावत निघाली, दर खेपेला जराशी वळून. सूर जिथे जिथे संपे, तिथून आई शेपूट ओढत चाले. चिखलावर एक लांब, वाकडी रेघ उमटली. पिलू या रेघेवर कुठेतरी होते, एवढे नक्की. मग धनेशाची रेघ झाली. ती घारीच्या रेघेला दोन ठिकाणी छेदून गेली. आईने आपल्या बोथट झालेल्या नख्यांकडे पाहिले. जागा दोन होत्या, बळ एकाच जागेपुरते उरले होते.

"कोतवालभाऊ, आज नक्कल नको रे," ती कळवळून म्हणाली.

"नाही ताई. आज माझाच सूर लावतो." त्याची रेघ एका जागेपासून खूप लांबून गेली आणि दुसरीला जवळजवळ चिकटून. अगदी चिकटून म्हणाल, तर नाही. तीन रेघांच्या मध्ये सुपाएवढी जागा उरलीच. पण आख्खा उतार सुपाएवढा झाला, हे काय थोडे झाले? तुमच्या घरच्या मोबाइलमधला नकाशा वळण दाखवतो ना, तोही असेच करतो. आकाशातल्या एकेका उपग्रहापासून त्याला फक्त अंतर कळते. निरनिराळ्या देशांच्या उपग्रहांची अंतरे तो एकत्र जुळवतो, तेव्हा कुठे आपण नेमके कुठे उभे आहोत ते कळते.

आईने त्या सुपाएवढ्या जागेत नख्या रोवल्या. तिन्ही पक्षी चोचींनी चिखल बाजूला सारू लागले. खाली लिंपलेली माती लागली. ती फोडली, तर आत पिलू अंगाचा चेंडू करून पडलेले. हलेना. आई त्याला चाटत राहिली. चेंडू थरथरला, जरासा उलगडला आणि त्यातून एक ओले नाक बाहेर आले. आईला रडू फुटले, आणि खरे सांगायचे तर घारीलाही.

"सांग तरी," थोड्या वेळाने घारीने विचारलेच, "शेवटी कुणाच्या सुराने सापडलं?"

पिलाला शेपटीवर घेत आई म्हणाली, "मावशी, तुमच्यातलं कुणीच खोटं नव्हतं. पण एकट्या कुणाच्या सुरावर राहिले असते, तर मी अजून उकरतच असते."

तात्पर्य : एकाचे खरे सांगणे ठिकाणाच्या जवळपास नेते, नेमके ठिकाण हवे असेल, तर अनेकांचे खरे सांगणे एकत्र जुळवावे लागते.