गेनूच्या बासरीची ऊब

डोंगराखालच्या एका गावात गेनू नावाचा एक भोळा बासरीवाला होता. शेजारच्या गावच्या सगुणावर त्याचा फार जीव. सगुणा गायची छान. तिचे वडील कोंडाजीराव म्हणाले, "पोरीच्या गाण्याला बासरी जुळली, तरच सोयरीक. नाहीतर राम राम."

गेनूला घास गोड लागेना. तो भजनी मंडळात जाऊ लागला. तिथे तात्याबुवा पेटी वाजवत.

कार्तिकातल्या पहाटे काकडआरतीला बासरीचा सूर पेटीच्या खालीच राहिला. बुवा म्हणाले, "गारठ्यानं बासरी उतरते रे. वाजवायच्या आधी तिला ऊब द्यावी."

"बरं, बुवा."

गेनूनं बासरी काखेत धरली. सूर जुळला. एवढ्यावर थांबला असता तर आज त्याला नातवंडं असती.

चैत्रात जत्रा आली. भर दुपारी, टळटळीत उन्हात, गेनू बासरी घोंगडीत गुंडाळून आला. आत शेकलेली वीटही होती. भजनात बासरीचा सूर पेटीच्या वरच जाऊ लागला.

"उन्हाळ्यात कसली ऊब देतोस?" बुवांनी विचारलं.

"तुम्हीच सांगितलंत."

"अरे, तापली की बासरी चढते. स्वर चढला की गार करायचं."

"बरं, बुवा."

गेनूनं तिथल्या तिथे बासरी पाण्याच्या रांजणात बुडवली. तापलेला बांबू तडकला. बुवांनी कपाळाला हात लावला. "सावलीत ठेवायची रे. बासरीला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही."

"बरं, बुवा."

गेनूनं नवी बासरी घेतली आणि बुवांचं सगळं बोलणं पाठ केलं.

पाहण्याचा दिवस उजाडला. कोंडाजीरावांच्या ओसरीवर बुवा पेटीला बसले. सगुणा गाऊ लागली. बासरी तिच्या गळ्याला अशी जुळली, की कोंडाजीरावांनी आत बघून साखर आणायला सांगितली. सगुणा लाजली. मग तिनं अंतरा घेतला, आणि अंतऱ्यात जातो तसा तिचा आवाज वर गेला.

गेनू थबकला. त्यानं बासरी नीट पुसून कोनाड्यात ठेवली. अंगणात गेला. भरलेली घागर घेऊन आला आणि शांतपणे सगुणाच्या डोक्यावर रिकामी केली.

सगुणा अशी किंचाळली, की गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. कोंडाजीराव काठी शोधायला लागले.

"गेनू, हे काय केलंस?" बुवा पेटी सोडून उठले.

"बासरीला थेंब लागू दिला नाही, बुवा," गेनू म्हणाला. "पण हिचा स्वर तर आणखीच चढला. दुसरी घागर आणू?"