रिकामी कपबशी

हौसाक्का मान्यांच्या गोठ्यात दोन म्हशी होत्या. आणखी चार घ्याव्यात म्हणून तिने सरकारी दुग्ध योजनेत कर्जाचा अर्ज केला आणि तिथपासून तिच्या चपला झिजू लागल्या. कधी सही चुकली, कधी शिक्का पुसट निघाला. सहाव्या खेपेला योजनेच्या कचेरीतले खटावकर साहेब म्हणाले, "नव्या चार म्हशींचा गोठ्यातला फोटो जोडा, मग कर्ज मंजूर."

"अवो, त्या म्हशी घ्यायलाच तर कर्ज मागतेय!"

"नियम आहे, बाई. आधी म्हशी दाखवा."

हौसाक्काने कपाळावर हात मारला आणि घर गाठलं.

आठवड्याने साहेब गोठ्याच्या पाहणीला आले. सरपंचही सोबत होते. पाहणी उरकून दोघं ओसरीवर टेकले, तेव्हा हौसाक्काने वाफाळती किटली आणली, पण साहेबांपुढे रिकामीच कपबशी ठेवली.

"अहो, यात चहा कुठाय?"

"नियम हाय, सायेब. आधी पिऊन दाखवा, मग वतते."

सरपंच खो खो हसत सुटले. साहेबांचे कान लालबुंद झाले. त्यांनी मुकाट्याने फाईल उघडली, फोटोची अट खोडली आणि सही ठोकली.

हौसाक्काने किटली उचलली खरी, पण शाई वाळेपर्यंत काही ती वाकडी केली नाही.