टूल, पितळ आणि मिस्त्रींचा दगड

लेथ मशीन पट्ट्यावर फिरायची, त्या काळची गोष्ट. पिराजी मिस्त्रींच्या कारखान्यात पोलाद कापणारं एक टूल होतं. त्याची धार सारखी शिवशिवायची.

एकदा पिठाच्या गिरणीच्या इंजिनाची तोटी करायला मिस्त्रींनी शेवटची पितळी सळई मशीनवर चढवली. मग पितळेसाठी नेहमी करत तसं, टूलची धार घासून जरा बोथट करायला दगड हातात घेतला.

टूल तडकलं, "मला बोथट करता? मी पोलाद कापलंय! पितळ म्हणजे लोणी."

म्हातारं मशीन कुरकुरलं, "पोलाद तुला अडवतं बाबा. ही सळई अडवणार नाही. म्हणून जपून."

तेवढ्यात दारातून गिरणीवाला ओरडला, "आटपा मिस्त्री, बायका डबे घेऊन खोळंबल्यात!"

मिस्त्रींनी दगड तसाच खाली ठेवला.

टूल सळईला भिडलं. भुरभुर चुरा सांडत ती वाट देत गेली. टूल आणखी आत घुसलं, आणखी आत, आणि मग त्याला थांबताच येईना. सळईच त्याला ओढू लागली. खाडकन आवाज झाला. सळई वाकली, टूलचं टोक तुटून पडलं.

"तू मला अडवलं का नाहीस?" टूल कळवळलं.

"मी कुणालाच अडवत नाही," सळई म्हणाली. "म्हणून तर मिस्त्री आधी दगड हातात घेतात."