काडीभर फट

मैथिली दूरदेशी बांधकाम शिकून गावी परतली तेव्हा तिला वाटलं होतं, गावात काहीच नसेल. पाहते तो सगळं होतं, फक्त कुलपात होतं. शाळेतले संगणक धुळीने खराब होऊ नयेत म्हणून प्लास्टिकखाली झाकलेले. नवा सार्वजनिक संडास घाण होऊ नये म्हणून बंद. वाचनालयातली पुस्तकं झिजू नयेत म्हणून कपाटात.

त्याच गावात झिलू नावाचा एक भोळा सुतार होता. हात सोन्याचा, पण सांगितलेला शब्द तो खिळ्यासारखा ठोकून घ्यायचा. एकदा आत गेला की वाकायचा नाही.

वाचनालयाच्या माडीवर पोरांसाठी वाचनाची खोली करायची असं मैथिलीने ठरवलं. सरपंच दाजी म्हणाले, पाडव्यापर्यंत झाली तर पोरांची, नाही तर कॅरम मंडळाची. मंडळाने बोर्ड आणून खालीच ठेवला होता.

माडीची जमीन जुन्या फळ्यांची, चाललं की लवणारी. वर सिरॅमिक टाइल बसवायची तर मध्ये चांगलं प्लायवुड हवं. मैथिलीने झिलूला समजावलं, की स्वस्तातलं आणायचं नाही, त्याचे थर ओलीने सुटतात. उकळत्या पाण्यात टिकेल असंच आणायचं.

दोन दिवसांनी देवळामागून धूर दिसला. समाराधनेचं गावजेवण शिजवायच्या हंड्याखाली जाळ होता आणि हंड्यात प्लायवुड शिजत होतं. अख्खी फळी मावेना, म्हणून झिलूने तिचे बत्तीस तुकडे केले होते.

"टिकलं, ताई. एकही थर सुटला नाही."

मैथिलीने कपाळाला हात लावला. "अहो झिलूदादा, ते कारखान्यात तपासून येतं. दुकानात विचारलं की झालं. आता दुसरं आणा, आणि त्याला करवत लावू नका."

झिलूने करवत लावली नाही. नव्या फळ्या खोलीपेक्षा दोन हात लांब होत्या. त्याने खिडकीची चौकट काढली आणि उरलेलं प्लायवुड बाहेर जाऊ दिलं. माडीने गावाला जीभ दाखवल्यासारखं दिसत होतं. तिच्या टोकावर कावळा बसला होता.

"बसायला जागा झाली त्याला," झिलू म्हणाला.

मैथिलीने पुन्हा समजावलं. फळी खोलीच्या मापाने कापायची. स्क्रूने आवळायची. आणि दोन फळ्यांमध्ये काडेपेटीतली काडी जाईल एवढी फट ठेवायची, कारण आपल्या दमट हवेत लाकूड फुगतं. हे मात्र झिलूने इतकं सुरेख केलं, की मैथिलीने सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. तिथेच चुकलं.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर निम्मी पुस्तकं जमिनीवर. जी कपाटात होती, त्यांच्या दर दोन पानांमध्ये एक काडी.

"कागद लाकडाचाच असतो म्हणतात," झिलू म्हणाला. "तो पण फुगणार. मावेनात ती खाली काढली."

काड्या वेचायला तीन दिवस गेले. कॅरम मंडळातली मंडळी येता-जाता पावडर आहे का विचारू लागली.

शेवटी पाडव्याच्या आदल्या दिवशी टाइल बसवून, सुकून, पुसून तयार झाल्या. आरशासारख्या. मैथिली वर पुस्तकं लावत होती. ती झिलूला सहज म्हणाली, की आता खरी परीक्षा. माणसं चालली तरी खालचं प्लायवुड लवता कामा नये. लवलं की टाइलला तडा गेलाच म्हणायचा.

झिलू विचार करत खाली उतरला. थोड्या वेळाने ठोकाठोक ऐकू आली. मैथिली दाराशी येऊन पाहते तो माडीचा बाहेरचा लाकडी जिना अंगणात आडवा पडलेला.

"ताई, आता कोणी चालणारच नाही," झिलू खालून म्हणाला. "तुम्ही तेवढं हलू नका."

नारळ काढणाऱ्याच्या शिडीवरून मैथिली खाली आली, तोवर दाजी पोचले होते. ती काही बोलणार, तोच त्यांनी मान वर करून फरशी न्याहाळली, जेवढी खालून दिसली तेवढी. मग झिलूच्या खांद्यावर हात ठेवला.

"गावात इतकी वर्षं कामं झाली. इतकं जपून कोणी केलं नाही. बाय, ही माडी आपण अशीच ठेवू. पोरांना खालून दाखवू."



पाडव्याच्या सकाळी पोरं आडव्या जिन्यावर ओळीने बसून वर बघत होती. मैथिलीने ठरवलं. झिलूकडून हातोडी मागून घेतली, शिडीने वर गेली, आणि कोपऱ्यातल्या एका टाइलला स्वतःच्या हाताने तडा पाडला. आवाज अंगणापर्यंत आला.

"झिलूदादा," ती दारातून म्हणाली, "गेला तडा. आता जपायला काही उरलं नाही. जिना लावा."