कमरेत मोडणारी बंदूक

जत्रेत फुगे फोडायला रांगा लागत, त्या काळची गोष्ट. शेवंताबाईंच्या स्टॉलवर छर्‍यांची एक म्हातारी बंदूक होती. दर छर्‍याला तिला मधोमध, कमरेत मोडून नळी उघडावी लागे. बाई ती गिऱ्हाइकाला मोडलेलीच देत, म्हणजे नळी रिकामी असल्याचं सगळ्यांना दिसे.

एका वर्षी स्टॉलवर गॅसचं पिस्तूल आलं. "आजी, किती वाकशील? माझ्या पोटात एकदम दहा छर्रे मावतात," ते म्हणालं. गिऱ्हाइकं तिकडेच वळली. म्हातारी खुंटीवर टांगल्या टांगल्या जुन्या जत्रा आठवत राहिली.

एका दुपारी एका गिऱ्हाइकाने सगळे छर्रे संपले असं समजून गमतीत पिस्तूल मित्रावर रोखलं. आत एक उरला होता. तो मित्राच्या भुवईला चाटून गेला. बाईंनी रक्त पुसलं, पट्टी बांधली आणि पिस्तूल पेटीत टाकलं.

"आजी, मला ठाऊक होतं एक उरलाय," पिस्तूल पुटपुटलं. "पण मी दाखवणार कसं?"

बाईंनी म्हातारीला खुंटीवरून काढलं, कमरेत मोडलं आणि त्याच मित्राच्या हातात दिलं. त्याने रिकाम्या नळीतून पलीकडचं आभाळ पाहिलं, आणि मगच छर्रा मागितला.