छताला जाऊन बसलेला दिवा

दिवे, झाऱ्या आणि रोपं एकमेकांशी बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. बायजाबाईच्या बिनखिडकीच्या खोलीत वांग्याची रोपं उगवली होती. ऊन तिथं येत नव्हतं, म्हणून तिनं त्यांच्यावर दोरीनं एलईडीचा जांभळा दिवा टांगला.

दिवा दोरीला म्हणाला, "बाई, मला पार छताला ने. इथला सूर्य मीच. सूर्य कधी कुणाच्या डोक्याशी बसतो का?" दोरीनं त्याला वर ओढलं.

खाली रोपं उंच उंच व्हायला लागली. दिवा खुशीत म्हणाला, "बघ झारे, माझी लेकरं कशी वाढतायत."

झारी म्हणाली, "वाढतायत कुठली, तुला शोधतायत. मानेत जीव नाही त्यांच्या. माझ्या चार थेंबांनी आडवी होतात. शेतात गेली की वाऱ्यानं मरतील."

मातीला टेकलेलं एक रोप हळूच म्हणालं, "दादा, उजेड दिसतो, पण अंगाला लागत नाही."

दिवा दोरीला म्हणाला, "सोड मला खाली. अजून. अजून थोडं." रोपांपासून वीतभर अंतरावर तो थांबला. बायजाबाईनं बुंध्याशी मातीची भर घातली. हळूहळू देठ जाड झाले, पानं रुंद झाली, आणि लावणीनंतर शेतातल्या वाऱ्यात रोपं ताठ उभी राहिली.

खोलीत नवं बी पेरलं गेलं. झारी म्हणाली, "अजून कोंब नाहीत. तोवर जा की वर, मिरव जरा."

दिवा म्हणाला, "नको. डोळे उघडतील तेव्हा मी त्यांना जवळ दिसलो पाहिजे."